20एक्स भिंगाचा तो मेसेज पुढे पाठवू नका

'सोनार, शिंपी, घड्याळजी यांच्यासाठी' म्हणून एक मेसेज फिरतोय. भिंग जितकं पॉवरफुल तितकं काम सुबक, सरळ 20एक्स, म्हणजे वीसपट मोठं दाखवणारं, घ्या. भिंग असलं की साधा बल्ब पुरतो. रिंग लाईटने सावली जाते. आणि रोज भिंग लावलं तर डोळे आळशी होतात! डिचोलीच्या आतेभावाने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि माझ्या बाबांनी 20एक्सचं भिंग मागवलंसुद्धा. वय 62, म्हापशात चाळीस वर्षं सोनारकाम, त्यात चवथीची गर्दी.

साध्या भिंगाचा हिशेब असा: 250 मिलिमीटरला पॉवरने भागा, साधारण तेवढ्या अंतरावर वस्तू धरावी लागते. 10एक्सला 25 मिलिमीटर, 20एक्सला साडेबारा. म्हणजे भिंगापासून अर्ध्या इंचावर दागिना. बाबा मंगळसूत्राच्या वाटीची कडी झाळत, म्हणजे ज्योतीने जोडत होते. त्या अर्ध्या इंचात ज्योत कुठून घालायची? कडी दिसली तर चिमट्याचं टोक दिसेना, कारण एवढ्या पॉवरला केसभर मागेपुढे झालं तरी सगळं धूसर. नीट दिसावं म्हणून ते आणखी वाकले आणि भुवई करपली. डोळा वाचला, नशीब. हा सल्ला लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी कडी झाळलेली नाही, हे मी लिहून देतो.

घडवायला डोक्याला बांधायचं, दोन्ही डोळ्यांचं भिंग घ्या. 2.5एक्सला काम साधारण 20 सेंटीमीटरवर राहतं, 1.75एक्सला 35वर. ज्योतीपाशी 1.75एक्सच बरं. दोन्ही हात मोकळे, आणि दोन डोळ्यांनी बघितल्यामुळे खोलीचा अंदाज येतो.

मोठ्या पॉवरचं एक मान्य करतो. हॉलमार्कमधला एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख कोड, वाचायचा तर 10एक्स हवंच. पण ते तपासणं झालं, घडवणं नव्हे.

'साधा बल्ब पुरतो' हे तर उलटंच. कामाच्या जागी उजेड किती हवा याचं युरोपचं मानक आहे, ईएन 12464-1. त्यात ऑफिसातल्या लिहिण्यावाचण्याला 500 लक्स (लक्स हे उजेडाचं माप), दागिने घडवायला 1000, रत्नांच्या कामाला 1500. शिवाय साठीच्या माणसाच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्याच्या साधारण तिसरा हिस्सा. भिंग बदलण्याआधी बाबांचा दिवाच बदलायला हवा होता! आता लवचिक दांड्याचा एलईडी घेतलाय, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा 100पैकी आकडा) 90च्या वरचा, म्हणजे सोन्याचा पिवळा आणि तांबूस रंग वेगळे कळतात. तो डावीकडून, खाली ओढून लावलाय. अंतर निम्मं केलं की उजेड जवळपास चौपट.

रिंग लाईट? नक्षीची खोली सावलीनेच कळते. सगळीकडून सारखा उजेड पडला की कोरीव रेघ सपाट दिसते, आणि झिलई केलेल्या सोन्यावर ते कडं चकाकतं ते वेगळंच.

भिंगाने डोळे बिघडत नाहीत. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं ते डोळ्यातलं भिंग ताठर झाल्यामुळे, मग चष्मा लावा की न लावा.

मेसेज अजून ग्रुपवर आहे. दादा, आजच्या आज काढ तो.