टिपाड कुठं ठेवू, डोक्यावर?

लातुरात फ्लॅट बघायला गेलो तर बिल्डरचा पोरगा म्हणतो, काका, एकदम जपानसारखं कॉम्पॅक्ट! अरे बाबा, जपानमधे संडासच्या टाकीवरच बेसिन असतं, हात धुतलेलं पाणी टाकीत पडतं अन् तेच फ्लशला जातं, ते दिलंस का? नाही. उचललं काय, तर फक्त छोटेपण! अन् तिथं नळ फिरवला की पाणी, इथं 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, इसरला का? नळ आठ दिवसांनी येणार, मग दोन टिपाडं, चार घागरी अन् म्हातारीची बाज कुठं, त्या हातभर बाल्कनीत? वर बाथरूमात बाथटब बसवलाय, त्याच्यामुळं बादली आत ठेवली की माणूस बाहेर. कामून पण? ज्वारी भरून ठेवू का त्यात?