एक प्रकरण किती पानांचं?

कादंबरी लिहून झाली आहे, आता फक्त प्रकरणं पाडायची आहेत, असं चारचौघांत बोलू नये. चौघांची चार मापं निघतात.

आईने पहिल्याच दिवशी निकाल लावला. "दासबोध बघ. २० दशक, प्रत्येकात १० समास. कसं नीटस!" मी म्हटलं, ज्ञानेश्वरीत पाचव्या अध्यायाच्या ओव्या १८० आणि अठराव्याच्या १८१०, तिथे कुठे आहे माप? आई म्हणाली, "ती माउली आहे. तू कोण?"

विषय तिथेच संपला.

डोंबिवलीचा मित्र लोकलमध्ये वाचतो. ठाण्याला बसायला मिळालं, तर दादरच्या आत प्रकरण संपलंच पाहिजे, अशी त्याची अट. कुर्ल्याच्या अलीकडे गाडी अडकली तर? "तर पुढचं सुरू करू. तेवढी अक्कल वाचकांनाही असते." बायकोचा मात्र छोट्या प्रकरणांनाच विरोध. 'हे एवढं संपवते आणि दिवा घालवते' असं म्हणत ती रात्री चार प्रकरणं वाचते आणि सकाळी दूध आणायला मला जावं लागतं.

ह. ना. आपट्यांचं बरं होतं. कादंबरी हप्त्याहप्त्याने छापायला १८९० पासून 'करमणूक' हे साप्ताहिक होतं आणि त्याचे संपादकही तेच. भांडण झालंच तर घरातल्या घरात.

माझे प्रकाशक मजकुराबद्दल कधीच काही बोलत नाहीत. ते फर्म्यात बोलतात. १६ पानांचा एक फर्मा. शिवाय प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू व्हायला हवं, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम. म्हणजे आधीचं प्रकरण उजव्या पानावर संपलं, की पाठचं पान कोरं. "४० प्रकरणं म्हणजे वीसेक पानं कोरी जाणार. कोऱ्या पानाला गिऱ्हाईक पैसे देत नाही हो." भरलेल्या पानांना देतं का, हे विचारायचं मी टाळलं.

खरी अडचण सातव्या प्रकरणाची आहे. त्यात नायकाचे काका फेरफाराच्या नोंदीसाठी तलाठ्याच्या कार्यालयाबाहेर बाकावर बसलेत. साहेब तालुक्याला मीटिंगला गेलेत, येतील एवढ्यात. काका डबा उघडतात, शेजारच्याला लोणचं देतात, त्याच्या भावकीचं भांडण ऐकतात, जेवून पेंगतात. ३१ पानं झाली तरी साहेब येत नाहीत. हे कापायला सगळ्यांनी सांगितलं. पण ज्याने असा दिवस काढलाय त्याला ३१ पानं कमीच वाटतील.

आठवं प्रकरण दोन ओळींचं आहे. 'काका घरी आले. नोंद झाली नव्हती.'

प्रकाशकांनी चष्मा काढून पुसला. पानं मोजली. सातवं उजव्या पानावर संपत होतं, म्हणजे पाठचं कोरं. मग उजवीकडे आठव्याच्या दोन ओळी, आणि त्यांच्याही पाठीला कोरं.

"वडिलांचा नियम यंदापुरता मोडू," ते म्हणाले. "काकांना डाव्या पानावर घरी आणता येईल का?"