इंजिन बंद पडले की विमान कोसळते, हे खरे नाही

‘हवेत इंजिन बंद पडले की विमान थेट खाली येते,’ असा संदेश, प्रवाशांना बिघाडाची घोषणा उशिरा करून ‘लपवाछपवी’ केली जाते या आरोपासह, सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. दोन इंजिनांचे प्रवासी विमान एका इंजिनावर सुखरूप उतरू शकते. ऐन उड्डाणात एक बंद पडले तरी वर चढता आले पाहिजे, या अटीशिवाय त्याला प्रमाणपत्रच मिळत नाही.

आणि दोन्ही बंद पडली तर? २४ ऑगस्ट २००१ रोजी इंधनगळतीमुळे एअर ट्रान्झॅटच्या विमानाची दोन्ही इंजिने अटलांटिकवर बंद पडली. सुमारे १९ मिनिटे तरंगत ते अझोर्स बेटांवर उतरले. सर्व ३०६ जण वाचले!

घोषणा उशिरा झाली म्हणून ‘लपवाछपवी’ म्हणणे तर अन्यायाचेच. वैमानिक आधी विमान सांभाळतात, मग दिशा ठरवतात, मग नियंत्रण कक्षाशी बोलतात. प्रवाशांशी बोलणे त्यानंतर.