5 केव्हीए म्हणजे 5000 वॅट नव्हे
सीझन जवळ आला की बोटवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘5 केव्हीए जनरेटर म्हणजे 5000 वॅट. बेरीज त्याच्या आत ठेवा, काही होत नाही. लोड कमी तेवढं इंजिन टिकतं. एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) सारखा पडत असेल तर मोठा टाका. बिल्ज पंपही (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) जनरेटरवरच घ्या.’ यातला एकही सल्ला धड नाही, शेवटचा तर जिवावरचा आहे.

आधी आकडा. केव्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हजारांत; त्यातला प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा म्हणजे पॉवर फॅक्टर. नेमप्लेटवर पॉवर फॅक्टर 0.8 असेल तर 5 केव्हीएमधून 4000 वॅटच मिळतात. 230 व्होल्टला करंट जास्तीत जास्त 21.7 अँपिअर. तासन्‌तास चालवायचं तर 3200 वॅटच्या वर जाऊ नये. मे महिन्यात तापलेल्या इंजिनरूममध्ये त्याहूनही कमी.

खरी मेख बेरजेत आहे. तारकर्लीच्या एखाद्या हाऊसबोटीवर 1 टनाचे दोन एसी, 1 एचपीचा पाण्याचा पंप, फ्रिज आणि दिवे धरा: चालताना साधारण 3600 वॅट. मेसेजच्या हिशेबाने निवांत. पण साधी मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. 6 अँपिअरचा पंप 30 ते 36 मागतो, तेव्हा दोन एसी आधीच 11-12 घेत असतात. व्होल्टेज बसतं, दिवे मंदावतात, चालू असलेला कॉम्प्रेसरही अडखळतो आणि जनरेटर ट्रिप होतो. म्हणून जनरेटर दोन-तीन मिनिटं रिकामा चालू द्या. मग सगळ्यात जड मोटर, ती स्थिरावली की पुढची. दिवे, चार्जर शेवटी. गीझर लावायचा तर एक एसी बंद करूनच. बंद केलेला एसी तीन मिनिटं पुन्हा लावू नका, आतला गॅसचा दाब उतरायला तेवढा वेळ लागतो. जनरेटर मध्येच बंद पडला तर सगळे स्विच पाडूनच स्टार्टर मारा, नाहीतर सगळ्या मोटरी एकदम उठतात.

कमी लोडचं म्हणाल, तर डिझेल इंजिन 30 टक्क्यांच्या खाली तासन्‌तास चाललं की पुरेसं तापत नाही. अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी एक्झॉस्टमध्ये साचते, लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, गुळगुळीत होतो, इंजिन ऑइल खाऊ लागतं. रात्री चार दिव्यांना बॅटरी-इन्व्हर्टर पुरे.

एमसीबी वायर वाचवायला असतो. 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरवर 32 अँपिअरचा टाकलात तर तो पडण्याआधी वायरचं आवरण वितळू शकतं. आधी क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) लावा आणि खाऱ्या हवेने हिरवे पडलेले टर्मिनल बघा; सैल जोड तापला तरी एमसीबी पडतो.

राहिला बिल्ज पंप. इंजिनरूममध्ये पाणी चढलं की जनरेटरच बंद पडतो, म्हणजे पंप हवा तेव्हाच वीज नाही. तो 12 किंवा 24 व्होल्टच्या बॅटरीवर, फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा) आणि स्वतंत्र फ्यूज देऊन, मेन स्विच बंद केला तरी चालेल असा जोडा.