होमलँड सिक्युरिटीला स्कोप आहे!

पदवी निवडताना अभ्यासक्रमात नेमके काय शिकवतात, याची चौकशी करीत बसणे हे जुन्या पिढीचे लक्षण आहे. सुज्ञ पालकांनी विचारायचा प्रश्न एकच, तो म्हणजे ‘याला स्कोप आहे का?’ आणि अमेरिकेतील होमलँड सिक्युरिटी, म्हणजे देशांतर्गत सुरक्षा, या विषयाला तो आहे, हे नावावरूनच कळते. सप्टेंबर 2001च्या हल्ल्यांनंतर 22 निरनिराळी सरकारी खाती एकत्र बांधून मार्च 2003मध्ये जे नवे खाते कामाला लागले, त्यात आज दोन लाखांहून अधिक माणसे नोकरीला आहेत. खात्याचे नाव होमलँड सिक्युरिटी, पदवीचेही नाव होमलँड सिक्युरिटी. तेव्हा दोघांत काही नाते असणारच, असे गृहीत धरून आपण खुशाल अर्ज भरावा. आडनाव सारखे निघाले म्हणून मंत्र्याला काका म्हणणारे लोक आपल्याकडे आहेतच की.

पथ्य एकच पाळावे. प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी त्या खात्याच्या नोकरीच्या जाहिराती वाचू नयेत. सीमेवर गस्त घालणाऱ्या शिपायाच्या पहिल्या पायरीसाठी चार वर्षांची कोणत्याही विषयातील पदवी चालते, मग ती संगीताची असो वा कीटकशास्त्राची. आणि पदवी नसली तर योग्य प्रकारच्या कामाचा अनुभवही चालतो. विमानतळावर आपली हातातली बॅग उघडून आजीने दिलेली लोणच्याची बाटली दोन बोटांनी बाजूला काढणारे जे गृहस्थ असतात, त्यांना आपल्याकडच्या बारावीइतके शिक्षण पुरते. अशा जाहिराती वाचल्याने मनात शंका येते, आणि शंकेखोर माणसाने सुरक्षेच्या क्षेत्रात जावे की नाही, हा वेगळाच वाद आहे.

आता खर्चाकडे वळू. एका क्रेडिटला 500 डॉलर धरले, तर 36 क्रेडिटांच्या मास्टर्सचे 18,000 डॉलर होतात. निरनिराळ्या फिया त्यावर. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत याच विषयाची मास्टर्स शिक्षण शुल्काशिवाय मिळते, परंतु ती आधीच सरकारी सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांसाठी आहे. आपत्तीनिवारणाची जबाबदारी असलेली फेमा ही यंत्रणा लहान लहान ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य चालवते आणि प्रमाणपत्रही देते. मात्र फुकटच्या प्रमाणपत्राला चौकट करून दिवाणखान्यात लावता येत नाही, हे आपणही मान्य कराल. वर्गात आपल्या शेजारी बहुधा एखादा माजी सैनिक बसलेला असेल. त्याची फी जीआय बिल या माजी सैनिकांसाठीच्या कायद्याखाली सरकार भरते आणि सरकारी भरतीत त्याला प्राधान्यही असते, त्यामुळे त्याचे गणित बरोबर आहे. त्याच्याकडे पाहून आपले गणितही बरोबर असेल, असा धीर घ्यावा.

कर्ज काढण्यास तर मुळीच कचरू नये. सुरक्षेच्या संवेदनशील पदांसाठी उमेदवाराची पार्श्वभूमी खणून काढतात, आणि त्यात थकलेली कर्जे हा एक मोठा मुद्दा असतो. देण्यात बुडालेला माणूस पैशासाठी भलत्याच मार्गाला लागू शकतो, असा त्यामागचा सरळ हिशेब आहे. उलट, सरकारी नोकरीत राहून 120 मासिक हप्ते नीट भरले, तर केंद्र सरकारकडून घेतलेले उरलेले शैक्षणिक कर्ज माफ होण्याची योजनाही आहे. म्हणजे कर्ज सुटायला नोकरी हवी, नोकरी मिळायला कर्ज थकलेले नको, आणि भरतीची ही तपासणी कित्येक महिने चालते, तोवर हप्ता आईवडिलांनी भरावा. पोटच्या पोरासाठी एवढे तर कोणीही करील.

गेल्या वर्षी पुण्यातील एका हॉटेलात भरलेल्या शिक्षण मेळाव्यात मला एक माहितीपत्रक मिळाले. मुखपृष्ठावर गरुड होता आणि त्याच्या छातीवर कुलूप. मी शंका काढताच टेबलामागचा तरुण समुपदेशक म्हणाला, “काका, सिक्युरिटी कधी बंद पडते का?” त्याचे खरेच होते. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमेरिकी सरकारचे कामकाज 43 दिवस ठप्प होते, तरी विमानतळावरची तपासणी चालूच राहिली. थांबला तो फक्त तपासणाऱ्यांचा पगार. मग मी विचारले की, या खात्यातील नोकऱ्यांना अमेरिकी नागरिकत्व लागते ना? त्याने मला एक कापडी पिशवी दिली. तिच्यावरही गरुड होता.

पण म्हणून नाशिक-पुण्याकडच्या विद्यार्थ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. नागरिकत्व नसले तरी त्या खात्याशी आपला संबंध फार जवळून येतो. विद्यार्थी व्हिसासाठी सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणी यंत्रणेची जी 350 डॉलरची फी भरावी लागते, ती याच खात्याच्या एका शाखेकडे जाते. विमानातून उतरल्यावर आत घ्यायचे की नाही, हे ठरवणारा काउंटरवरचा अधिकारी दुसऱ्या शाखेचा असतो. पदवीनंतर वर्षभर काम करण्याची परवानगी मागायची ती तिसऱ्या शाखेकडे. एवढा जिवंत प्रात्यक्षिक अनुभव तेथे जन्मलेल्या मुलांच्या नशिबी नसतो. एक मात्र लक्षात ठेवावे की, हे अभ्यासक्रम पुष्कळदा पूर्णपणे ऑनलाइन असतात आणि विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ शिक्षणात एका सत्राला ऑनलाइन विषय एकच मोजला जातो. तेव्हा वर्गात बसून शिकवणारे विद्यापीठ शोधावे, ते महाग असते. आणि सेविसच्या फीची छापील पावती हातातल्या बॅगेतच, लोणच्यापासून लांब ठेवावी. काउंटरवर ती मागू शकतात.