पाव महागला म्हणून फ्रेंच राज्यक्रांती झाली नाही

‘जनता उपाशी होती, राणी म्हणाली पाव नसेल तर केक खा, लोकांनी बॅस्टिल फोडलं आणि राजा गेला. पोट रिकामं राहिलं की क्रांती होतेच.’ हा मजकूर पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतो. (बॅस्टिल म्हणजे पॅरिसमधला किल्ला, तेव्हाचा तुरुंग.) लोक तो इतिहास म्हणून वाचतात, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

केकचं वाक्य राणी मारी आंत्वानेतचं असल्याचा पुरावा नाही. विचारवंत लेखक रूसोने ते कुणा ‘थोर राजकन्ये’च्या नावावर लिहून ठेवलं, तेव्हा ती लग्न होऊन फ्रान्समध्ये आलीही नव्हती. ती आली 1770 मध्ये.

‘भूक म्हणजे क्रांती’? महागाई खरी होती. फेब्रुवारी 1789 मध्ये पॅरिसला चार पौंड वजनाचा पाव साडेचौदा सूला (सू हे तेव्हाचं नाणं) गेला आणि मजुराची दिवसाची कमाई होती 20 ते 30 सू. पण 1775 च्या वसंतातही धान्य असंच भडकलं होतं. राजाही तोच, सोळावा लुई. सुमारे 300 ठिकाणी दंगे झाले. सरकारने 25,000 सैनिक उतरवले, पॅरिसमध्ये दोघांना फाशी दिली आणि काही आठवड्यांत सगळं शमलं. 1709 च्या हिवाळ्यात तर लाखो माणसं मेली, तरी सिंहासन हललं नाही.

मग 1789 मध्ये वेगळं काय होतं? आधी तिजोरी. अमेरिकेतल्या युद्धाला मदत करताना कर्ज इतकं वाढलं, की 1788 मध्ये निम्मा खर्च कर्जफेडीतच जात होता. सरदार आणि धर्मगुरूंच्या करसवलतींना हात लावायचं ठरलं, तेव्हा अडवणूक केली ती उपाशी लोकांनी नव्हे, सरदारांनी आणि राजाचे कायदे नोंदवून घेणाऱ्या न्यायमंडळांनी. 16 ऑगस्ट 1788 ला तिजोरीने रोखीची देणी थांबवली. राजाला 1614 नंतर प्रथमच इस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि बाकी सगळी प्रजा (तिसरा वर्ग) अशा तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, बोलवावी लागली. तिथे भांडण पेटलं ते मतदानाच्या पद्धतीवर. तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी सुमारे 600, उरलेल्या दोन वर्गांचे साधारण 300-300. डोकी मोजली तर तिसरा वर्ग बरोबरीला येतो, वर्गागणिक एक मत धरलं तर कायम दोनास एक हरतो. सहा आठवडे हा पेच सुटला नाही. शेवटी 17 जून 1789 ला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा जाहीर केलं. सत्ता कुणाची, हा प्रश्न इथे उघडा पडला, बॅस्टिलच्या महिनाभर आधी.

‘निव्वळ जमावाने बॅस्टिल फोडलं’ हेही अपुरं. 14 जुलै 1789 ला सकाळी पॅरिसच्या आंवालिद या लष्करी इमारतीतून लोकांना बंदुका मिळाल्या, पण बंदुकीची दारू नव्हती. ती बॅस्टिलमध्ये होती. कैदी तर जेमतेम सात. दुपारी फ्रेंच गार्ड या राजाच्याच सैन्यातल्या तुकडीचे बंडखोर शिपाई तोफा घेऊन दारासमोर आले, तेव्हा किल्लेदार नमला. हे शिपाई पॅरिसमध्येच राहत, कारागिरांत मिसळलेले होते. 1775 मध्ये सैन्याने हुकूम पाळला, 1789 मध्ये पाळला नाही. आमच्या मते निर्णायक फरक हाच.

आणि राजा 14 जुलैला गेला नाही. एप्रिल 1792 मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध सुरू झालं, राजा शत्रूला सामील असल्याचा संशय बळावला, 10 ऑगस्टला त्याच्या राजवाड्यावर हल्ला झाला आणि 21 सप्टेंबर 1792 ला राजेशाही रद्द झाली.