सीफोर्थची माफी आणि कुळांचा खंड

आज सकाळी एका जुन्या परिचितांनी आपल्या स्कॉटलंडच्या सहलीतले आयलियन डोनन किल्ल्याचे छायाचित्र टाकले आणि त्याखाली लिहिले की, बंड करून उठलेल्या सरदाराला राजाने माफ केले, त्याच्या घराण्याला जप्त झालेली जहागीर परत मिळाली, राज्यकर्त्याचे मन असे मोठे असावे लागते. त्याखाली कौतुकाची रांग लागली. दिवसभर मी काही लिहिले नाही, पण आता राहवत नाही, कारण ज्या माणसांनी ती जहागीर सांभाळली त्यांचा त्या मजकुरात एका शब्दानेही उल्लेख नव्हता.

हा सरदार म्हणजे विल्यम मॅकेन्झी, सीफोर्थचा पाचवा अर्ल, म्हणजे उमराव. १७१५ मध्ये तो गादी गमावलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने उठला, बंड फसले आणि १७१६ मध्ये त्याची पदवी व जमीन दोन्ही जप्त झाली. १७१९ मध्ये स्पॅनिश सैनिकांची कुमक घेऊन तो पुन्हा उतरला. त्या मे महिन्यात इंग्रजांच्या युद्धनौकांनी आयलियन डोनन उद्ध्वस्त केला (छायाचित्रातला देखणा किल्ला विसाव्या शतकात पुन्हा बांधलेला आहे) आणि १० जूनला ग्लेनशीलच्या खिंडीत बंडवाल्यांचा पराभव झाला. जखमी सीफोर्थ परदेशी निसटला. इथपर्यंतची कथा सगळे सांगतात.

पुढची कथा सांगायला कोणी तयार नसते. जप्त जमिनींची व्यवस्था पाहण्यासाठी सरकारने आयोग नेमला होता. सीफोर्थच्या किनटेल आणि लॉकाल्श या मुलुखांतल्या कुळांनी, म्हणजे त्याची जमीन कसणाऱ्यांनी, यापुढे खंड सरकारकडे भरावा, असा हुकूम झाला. कुळांनी तो भरला नाही. सीफोर्थचा कारभारी डोनाल्ड मर्चिसन याने सरकारच्या नाकावर टिच्चून तो खंड गोळा केला आणि परागंदा झालेल्या धन्याला फ्रान्समध्ये पोहोचवला. १७२१ मध्ये सरकारी वसुलीदार सैनिक घेऊन निघाले, तेव्हा मर्चिसनच्या माणसांनी त्यांना डोंगरातल्या वाटेवर अडवले, गोळीबार झाला आणि वसुलीदाराचा मुलगा त्यात प्राणाला मुकला. त्यानंतर आणखी एक सैन्याची तुकडी आली, तिलाही हात हलवत परतावे लागले. एवढ्या वर्षांत कुळांनी धन्याला दिलेला प्रत्येक पैसा सरकारदप्तरी थकीतच राहत होता. म्हणजे तोच खंड पुन्हा मागितला जाण्याची टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर होती, आणि तरीही ते देत राहिले.

काही वर्षांपूर्वी मी मुलीकडे गेले होते, तेव्हा इन्व्हरनेसहून स्कायकडे जाणाऱ्या सहलीच्या बसमधून आम्ही याच मुलुखातून गेलो. आमचे वाटाडे ग्लेनशीलपासून सीफोर्थच्या माफीची कहाणी मोठ्या रंगात येऊन सांगत होते. बालमकाराजवळ पाण्याच्या काठी मर्चिसनचे स्मारक आहे. त्याच घराण्यातले भूगर्भशास्त्रज्ञ सर रॉडरिक मर्चिसन यांनी ते एकोणिसाव्या शतकात उभारले, म्हणजे तेसुद्धा सीफोर्थच्या वंशजांना सुचले नव्हते. मी विचारले, इथे थोडे थांबता येईल का? ते म्हणाले, "तो फक्त कारभारी होता." बस पुढे गेली.

त्या वाक्याचा राग अजून उतरलेला नाही. फक्त कारभारी! १७२५ मध्ये जनरल वेडने हायलँड्सच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या या डोंगराळ भागाच्या, स्थितीविषयी राजाला अहवाल दिला, त्यात मर्चिसन दरवर्षी खंड वसूल करून धन्याकडे फ्रान्सला पाठवतो ही गोष्ट नोंदवलेली आहे. म्हणजे राज्याच्या सेनापतीला ज्याची दखल घ्यावी लागली, तो पर्यटकांच्या वाटाड्याला थांबण्याच्या लायकीचा वाटला नाही. त्याच वर्षी सीफोर्थच्या मॅकेन्झी घराण्याच्या लोकांनी ब्राहन येथे वेडपुढे शस्त्रे ठेवली आणि जुलै १७२६ मध्ये सीफोर्थला माफीपत्र मिळाले. त्याला मी राजाची दया मुळीच म्हणणार नाही. ज्या जमिनीतून दहा वर्षे सरकारला वसूल मिळवता आला नाही, त्या जमिनीच्या धन्याशी राजाने समेट केला, एवढेच घडले आणि तो समेट कुळांनी घडवला. हे मान्य करते की, १७१६ मध्ये त्याच बंडातल्या इतर दोन उमरावांची डोकी लंडनच्या टॉवर हिलवर उडवली गेली होती, तेव्हा सीफोर्थला जिवाचे अभय मिळणे ही लहान गोष्ट नव्हती.

पण त्या माफीत होते तरी काय? जीव वाचला आणि तुरुंग टळला. पदवी त्याला परत मिळाली नाही. १७४० मध्ये तो वारला आणि पुढच्या वर्षी त्याच्या मुलासाठी ती जहागीर सुमारे २६ हजार पौंड मोजून विकत घेतली गेली. ज्या घराण्याचा खंड जप्तीच्या काळातही बुडाला नव्हता, त्यालाच ही खरेदी पेलली, असे मला वाटते. आणि तो खंड कोणी भरला होता, हे वर सांगितलेच आहे. मर्चिसनविषयी त्या भागातली जुनी आख्यायिका अशी की, परत आलेल्या सीफोर्थने त्याला एक लहानसे शेत देऊ केले आणि तो मन खचून मेला. आख्यायिका ती आख्यायिकाच, पण ती सांगणारे लोक त्याच कुळांचे वंशज आहेत, म्हणून मला ती मोलाची वाटते. तिथेही त्याला कोणी "फक्त कारभारी" म्हटलेले नाही.

यानंतर जे झाले, ते लिहिताना माझा तोल जातो. १७७१ मध्ये सीफोर्थचा नातू केनेथ याला पुन्हा सीफोर्थचा अर्ल केले गेले आणि त्या उपकाराची फेड म्हणून त्याने १७७८ मध्ये राजाला पलटण उभारून दिली. म्हणजे पदवी त्याला मिळाली आणि फेड करायला माणसे किनटेलची, त्यांत मॅक्रे घराण्यातली पुष्कळ. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्याला विकून टाकले आहे, अशी वार्ता कानावर येताच ही माणसे एडिनबरोच्या आर्थर्स सीट टेकडीवर चढून बसली आणि काही दिवस हटली नाहीत. शहरातल्या लोकांनी त्यांना अन्न पुरवले. शेवटी थकलेला पगार, संपूर्ण माफी आणि हिंदुस्थानात न पाठवण्याचे वचन, या अटींवर ती खाली उतरली. १७८१ मध्ये त्यांना हिंदुस्थानकडे जाणाऱ्या जहाजांवर चढवण्यात आले. मद्रासला पोहोचेपर्यंत दोनशेहून अधिक सैनिक मुख्यतः स्कर्व्हीने मेले. अर्लला मिळालेली माफी पिढ्यान्‌पिढ्या टिकली आणि शिपायांना दिलेले वचन तीन वर्षेही पाळले गेले नाही! केनेथ स्वतःही त्याच प्रवासात मरण पावला, हे मी नाकारत नाही; पण तो त्या जहाजावर आपल्या मर्जीने चढला होता.

त्याच्या पश्चात मॅकेन्झींचे प्रमुखपद चुलत घराण्यातल्या थॉमस हंबरस्टन मॅकेन्झीकडे आले. जहागीर त्याने आधीच केनेथकडून विकत घेतलेली होती. हैदर आणि टिपूविरुद्ध मलबारात लढून मुंबईला गेलेला हा तरुण एप्रिल १७८३ मध्ये 'रेंजर' या जहाजातून परतत असताना पेशव्यांचे आरमार आडवे आले. इंग्रज आणि मराठे यांच्यात सालबाईचा तह झालेला असूनही आनंदराव धुळपांच्या आरमाराशी तुंबळ लढाई झाली आणि जखमी मॅकेन्झी ३० एप्रिलला विजयदुर्गात वारला. आपल्यापैकी कितीजण विजयदुर्गच्या तटावर उभे राहून आले असतील! किनटेलची जमीन ज्याच्या नावावर होती तो इथे, आपल्या कोकणात मेला. वयाच्या तिशीच्या आसपास असलेल्या त्या मुलाबद्दल माझ्या मनात कटुता नाही. त्याच्याबरोबरच्या शिपायांची नावे कुठे वाचायला मिळत नाहीत, याचे मात्र वाईट वाटते.

आणि लॉकाल्श? ज्या लॉकाल्शचा खंड सरकारच्या हाती पडू नये म्हणून मर्चिसनने आणि कुळांनी बंदुका उचलल्या, तो लॉकाल्श पुढच्या सीफोर्थने १८०१ मध्ये ह्यू इनस नावाच्या धनवंताला विकून टाकला. कर्जे होती, मान्य आहे. जमिनीवरची माणसे मात्र विचारात घेतली गेली नाहीत. माझ्या परिचितांना माझी एवढीच विनंती आहे की, छायाचित्राखालचा मजकूर त्यांनी बदलावा आणि त्यात डोनाल्ड मर्चिसनचे नाव घालावे. बदलायचा नसेल तर तसे इथे स्पष्ट लिहावे, मी उत्तर देईन.